उसाच्या फडातील लेकरे आणि आपली ज्युबिली
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानतो. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास, मंदिराची उभारणी, येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचे उपकार, यांविषयी आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी आपणांस सांगितलेच आहे. त्यांत भर घालण्याची आमची योग्यता नाही. यास्तव ज्यांचे नाव आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीत नाही, गावच्या शाळेच्या हजेरीपटावर नाही आणि ग्रामपंचायतीच्या कोणत्याही कागदावर नाही, तथापि जी वर्षातील पाच-सहा महिने आपल्या डोळ्यांसमोर राहतात, अशा काही लेकरांविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असे कोणास वाटेल. त्यांस आमची विनंती अशी की, त्यांनी ‘ज्युबिली’ या शब्दाचा मूळ अर्थ क्षणभर आठवावा. लेवीय नामक पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने आपल्या प्रजेस पन्नासाव्या वर्षाचा नियम घालून दिला आहे. त्या वर्षी शिंग फुंकावे, ज्याची भूमी गहाण पडली त्यास ती परत मिळावी, आणि दारिद्र्यामुळे जो दुसऱ्याच्या दारी राबावयास गेला त्याने मोकळे होऊन आपल्या मुलांबाळांसह स्वकुळात परतावे, असा तो नियम. ध्यानात घ्या, एकट्या बापाचे मोकळे होणे त्या नियमास पुरेसे वाटले नाही. मुलांचा उल्लेख त्यात आवर्जून आहे. पताका, रोषणाई आणि भोजन ही ज्युबिलीची शोभा होय. ऋणात अडकलेल्या माणसाची आणि त्याच्या लेकरांची सुटका हा तिचा प्राण होय.

आता आपल्या शाहूवाडी तालुक्याकडे वळू. पश्चिमेस आंबा घाट आणि विशाळगड यांच्या बाजूस दाट झाडी, मुसळधार पाऊस, भात आणि नाचणीची शेती. पूर्वेस वारणा आणि कडवी यांच्या काठी बांबवडे-सरूडकडे जावे तसतसा ऊस दिसू लागतो. दिवाळी होते न होते तोच या उसाच्या रानांत माणसांच्या टोळ्या उतरतात. कोणी बीडकडून, कोणी मराठवाड्याच्या अन्य कोरडवाहू भागांतून, कोणी सीमेपलीकडील कर्नाटकातून येतात. शेताच्या कडेस रिकाम्या जागेत बांबू, पाचट आणि प्लास्टिकचा कागद यांच्या कोप्या उभ्या राहतात. मार्च-एप्रिलात गळीत हंगाम संपला की त्या जागी विझलेल्या चुलींचे तीन-तीन दगड तेवढे राहतात.

या लोकांच्या व्यवहाराची रीत आपणांपैकी ऊस लावणाऱ्यांस ठाऊक आहे. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी, घरात दाणा नसताना, मुकादम त्यांस ‘उचल’ देतो. ती उचल पुढे तोडलेल्या उसाच्या टनावारी मजुरीतून फेडावयाची. एक दिवस आजारात गेला तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी डोक्यावर राहते आणि पुढील वर्षी त्याच मुकादमाकडे यावे लागते. कोयता जोडप्याचा असल्याकारणाने आई मागे राहू शकत नाही. आई येते म्हणून लेकरे येतात. गावी आजी असेल आणि तिचे हातपाय चालत असतील तर एखादे मूल मागे ठेवतात. नसेल तर संसाराच्या बोचक्याबरोबर लेकरूही गाडीत चढते.

शाळा जूनमध्ये भरते आणि एप्रिलच्या अखेरीस सुटते. म्हणजे जे मूल दिवाळीस गाव सोडते आणि पाडव्याच्या सुमारास परतते, त्याचे अर्धे वर्ष बुडाले. पहिल्या वर्षी ते मागे पडते, दुसऱ्या वर्षी वर्गात बसावयास लाजते, तिसऱ्या वर्षी शाळेचे नाव काढीत नाही. दरम्यान फडावर त्याच्यासाठी काम तयारच असते. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. आठ वर्षांची मुलगी मागे राहून धाकट्यास सांभाळते, पाणी भरते, चूल पेटविते. दहा-बारा वर्षांचा मुलगा वाढ्यांच्या पेंढ्या बांधतो, बैलांकडे पाहतो, मोळी उचलून देतो. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न झाले की त्या दोघांचा एक नवा कोयता होतो आणि नवी उचल त्यांच्या नावे लिहिली जाते. ऋण वारशाने जाते ते असे. अक्षर न येणारा मजूर मुकादमाच्या वहीत किती टन मांडले हे वाचू शकत नाही. म्हणून ते ऋण फिटतही नाही.

वीटभट्टीची गोष्ट थोडी निराळी. तेथे कुटुंब हंगामभर एका ठिकाणी राहते. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. म्हणून घरातील प्रत्येक हात विटेस लागतो. थोरली माणसे चिखल तुडवितात आणि साच्यातून विटा पाडतात. लहान मुले ओल्या विटा वाळाव्यात म्हणून उलटून ठेवतात, कारण त्यांच्या हलक्या पावलांनी विटा मोडत नाहीत. निर्गम पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात फारोने इस्राएल लोकांस पेंढा देणे बंद केले, पण विटांची संख्या मात्र कमी केली नाही, ती कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही ती कथा ऐकताना मिसर देश फार दूर समजत होतो.

कोणी म्हणेल, गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, शिक्षण मोफत आहे, ही मुले त्यांत का जात नाहीत? कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त आहे. या भूमीस तर सक्तीच्या शिक्षणाचा मोठा वारसा आहे. नामदार गोखले यांनी 1911 साली वरिष्ठ कायदेमंडळात यासंबंधी विधेयक मांडले आणि ते 1912 साली फेटाळले गेले. परंतु राजर्षी शाहू छत्रपतींनी 1917 साली आपल्या करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. स्वतंत्र भारतात 2002 साली घटनेत दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. 2009 साली त्याचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला. त्या कायद्याप्रमाणे मूल वर्षाच्या मध्येच आले तरी त्यास प्रवेश नाकारता येत नाही, दाखला नाही म्हणून परत पाठविता येत नाही, आणि त्याच्या वयास योग्य अशा वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढावयाचा असतो.

कायदा इतका चांगला आहे. मग अडते कोठे? अडते ते कोपी आणि शाळा यांच्या मधल्या वाटेवर. शाळा दोन-तीन मैलांवर, वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ. फड संपला की टोळी दुसऱ्या शिवारात जाते आणि शाळा बदलते. मूल घरी लमाणी किंवा कानडी बोलते, वर्गात मराठी चालते. कमरेवरील धाकटे भावंड कोणाजवळ ठेवावयाचे हा प्रश्न उरतोच. आणि सर्वांत मोठी अडचण ही की, ते मूल आपल्या शिवारात आले आहे हे शाळेस सांगावयास कोणी जात नाही. त्याच्या गावचे मास्तर म्हणतात, मूल परगावी गेले; येथील मास्तर म्हणतात, मूल आमच्या गावचे नाही. दोन्ही हजेरीपट आपापल्या परीने खरे, आणि दोहोंच्या मध्ये मूल हरवलेले.

आमचे सांगणे एका वाक्यात मांडावयाचे तर ते असे: जे मूल ज्या गावच्या शिवारात निजते, ते निजते तोवर त्या गावचेच मूल होय. ते शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने त्याच्यापर्यंत चालत गेले पाहिजे.

शाळेने चालत जावे ही कल्पना नवी नाही. महाराष्ट्रात ती अनेकांनी आचरून दाखविली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात तेव्हा कुरणातच शाळा भरविली. मुलाच्या पोटाचा धंदा न मोडता त्याच्या हाती अक्षर कसे द्यावे, हे त्या ‘कुरणशाळे’ने शिकविले.

दिल्लीस 1969 साली गांधी-जन्मशताब्दीच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजूर स्त्रियांची तान्ही मुले धुळीत पडलेली पाहिली आणि तेथेच तंबूत पाळणाघर काढले. ‘मोबाइल क्रेश’ हे कार्य तेथून सुरू झाले आणि पुढे मुंबई-पुण्यासही आले. पाळण्यात तान्हे निजले म्हणजे त्यास सांभाळणारी थोरली बहीण मोकळी होते आणि मगच तिच्या हाती पाटी देता येते, हा त्यांचा धडा होय. मुंबईत 1988 साली रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी ‘डोअर स्टेप स्कूल’ काढले; पुण्यात या संस्थेने बांधकामांवरील मुलांच्या वस्तीतच वर्ग चालविले, आणि नागरिकांस बरोबर घेऊन अशा मुलांची मोजणी करून त्यांस नेहमीच्या शाळेत पोहोचविण्याचा उद्योग केला.

आपल्या कॅथलिक बांधवांची दाट वस्ती असलेल्या वसईच्या परिसरात विवेक पंडित आणि त्यांच्या ‘विधायक संसद’ या संस्थेने वीटभट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे वीटभट्टीवरील मजुराची झोपडी. मजूर ज्या विटांच्या झोपडीत राहतो तशाच झोपडीत शाळा, आणि शिकविणारे तेथल्याच भागातील तरुण. आणि आपल्या कोल्हापुरातच अनुराधा भोसले यांच्या ‘अवनि’ संस्थेने वीटभट्ट्यांवरील आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी अशाच शाळा चालविल्या आहेत. साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. मूळ गावी मुले मागे राहू शकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना झाली. 2021 साली राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावे वसतिगृहांची योजना जाहीर केली.

हे सर्व इतरांचे झाले. परंतु बंधुभगिनींनो, आपल्या मराठी ख्रिस्तसभेची कथा याहून वेगळी आहे काय? अहमदनगर जिल्ह्यात, ज्यास 2024 पासून अहिल्यानगर म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येशूसंघीय धर्मगुरू गावोगाव हिंडले. गावच्या शाळेत ज्यांस ओसरीवरही बसू देत नसत, अशांच्या वाड्यांत त्यांनी लहान शाळा काढल्या. मिशनचा मास्तर दिवसा मुलांस आणि दिवेलागणीनंतर थोरल्यांस शिकवी. 1903 साली केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ मासिक काढले, ते वाचणारे घरोघर निर्माण झाले ते याच शाळांमुळे. आज आपल्यांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, कारकून आहेत, धर्मगुरू आणि धर्मभगिनी आहेत. आपल्या आजोबांनी शाळेचा शोध घेतला नव्हता. शाळा त्यांचा शोध घेत वाड्यावर आली होती. ते ऋण आपण कोणास परत करणार? ज्या धर्मगुरूंनी दिले ते तर माती होऊन गेले.

संत योहान बॉस्को यांचे चरित्र आपणांस परिचित आहे. 1841 साली त्यांनी तुरीन शहरात कार्य आरंभिले तेव्हा त्यांच्याभोवती जमलेली मुले कोण होती? खेड्यांतून हंगामापुरती शहरात येऊन गवंड्यांच्या हाताखाली विटा आणि चुना वाहणारी ती पोरे होती. संतांनी केवळ रविवारी त्यांची वाट पाहिली नाही. ते त्यांच्या कामावर जाऊन त्यांस भेटत. सायंकाळी त्यांनी वर्ग भरविले. आणि 1850 नंतर त्यांनी मालकांशी लेखी करार केले, की मुलास मारावयाचे नाही आणि सणावारी विश्रांती द्यावयाची. दया दाखविणे एक आणि मालकाच्या सहीचा कागद घेणे दुसरे. संतांनी दोन्ही केले.

आता आमच्या एका चुकीची कबुली आपल्यासमोर देतो. तिच्यावाचून हे भाषण अप्रामाणिक ठरेल. काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जणांनी नाताळात एका टोळीच्या कोप्यांवर जाऊन मुलांस करंज्या, गोळ्या आणि जुने कपडे वाटले. छायाचित्र काढले आणि समाधानाने घरी आलो. पुढे कोणी सुचविले म्हणून त्याच ठिकाणी सायंकाळचा वर्ग काढला. पहिल्या दिवशी सोळा मुले आली. त्यांत एक मुलगी होती. गावी चौथीत होती असे तिने सांगितले. कमरेवर भाऊ, हातात पाटी. भाऊ रडू लागला, इतरांचे लक्ष जाऊ लागले. आमच्यांतील एकाने, वाईट हेतूने नव्हे, तिला म्हटले, “उद्या भावास घरी ठेवून ये.”

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिच्यासारख्याच आणखी पाच-सहा थोरल्या बहिणी यावयाच्या थांबल्या आणि महिन्याभरात वर्ग मोडला. घरी कोणाजवळ ठेवावयाचे, हे आम्ही विचारले नव्हते. तिचे घर म्हणजे ती स्वतःच होती, हे आम्हांस समजले नव्हते. मार्चअखेर टोळी गेली. ती चौथीत होती हे येथील कोणत्याही शाळेस कळले नाही, आणि ती आमच्या वर्गात एक दिवस बसली होती हे तिच्या गावच्या शाळेस कळले नाही. पुढील हंगामात त्या जागी दुसरीच टोळी आली. त्या मुलीचे काय झाले हे आम्ही सांगू शकत नाही, आणि त्याबद्दलचा दोष आम्ही अन्य कोणावर घालू इच्छीत नाही.

म्हणून पुन्हा असे काही आरंभावयाचे झाल्यास चार गोष्टी आधी मनाशी पक्क्या कराव्या, अशी आमची सूचना आहे.

पहिली गोष्ट मोजणी. टोळी उतरल्यापासून आठ दिवसांच्या आत आपल्या तरुण मंडळाने प्रत्येक कोपीत जाऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची नावे, मूळ गाव, तेथील शाळा आणि इयत्ता लिहून घ्यावी, आणि ती यादी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी. गावी मुलास शिक्षण हमी कार्ड मिळाले असेल तर ते पाहावे. नसेल तर दाखल्यासाठी अडू नये. मुख्याध्यापकांस आपण शत्रू समजू नये. यादी हाती आली तर बहुतेक जण मुलास आनंदाने घेतील. ज्याचे नाव लिहिले गेले ते मूल हरवणे कठीण.

दुसरी गोष्ट पाळणा. वर्गाच्या आधी पाळणा टांगावा. आपल्या महिला मंडळातील दोन भगिनींनी आळीपाळीने सकाळी चार तास तान्ह्यांस सांभाळले तर दहा मुली मोकळ्या होतील. अक्षर शिकविण्याची पात्रता सर्वांस नसते. लेकरू सांभाळण्याची पात्रता या सभेत शंभर जणींस आहे.

तिसरी गोष्ट वाट. शाळा दूर असेल तर मुलांस नेण्या-आणण्याची सोय करावी. जेथे तेही अशक्य, तेथेच कोपीवर वर्ग भरवावा. आणि तो वर्ग नेहमीच्या शाळेचाच भाग राहावा, त्याच शासकीय पाठ्यपुस्तकांचा, त्याच हजेरीपटाचा. फडावरील शाळा ही पूल आहे, मुक्काम नव्हे. गरिबांच्या मुलांसाठी कायमची हलकी शाळा असा तिचा अर्थ झाला तर आपण उपकार न करता अपकार केला असे होईल. ज्या मुलास गावी आजीजवळ किंवा वसतिगृहात राहून शिकता येईल, त्याने फडावर येऊच नये, हे अधिक चांगले. मुकादमांस आणि आईबापांस आपण तेही सांगावे.

चौथी गोष्ट परतीचे पत्र. हंगाम संपताना प्रत्येक मुलाच्या हाती, ते किती दिवस शिकले आणि कोठवर आले, असा शाळेच्या शिक्क्याचा कागद असावा, आणि त्याची प्रत त्याच्या गावच्या शाळेस टपालाने जावी. एवढा एक कागद त्या मुलास जूनमध्ये पुन्हा आपल्या सोबत्यांच्या बाकावर बसवील.

काही आक्षेप येतील हे आम्ही जाणतो. पाच महिन्यांत काय शिकणार, असे एक जण म्हणेल. पाच महिन्यांत मूल वाचावयास लागते. आणि शिकले नाही तरी विसरत नाही, हाही लाभच होय. आईबापच मुलांस आणतात, मग दोष त्यांचाच, असे दुसरा म्हणेल. त्याने उचलीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. हे शासनाचे काम आहे, असे तिसरा म्हणेल. शासनाचेच आहे, म्हणूनच आम्ही स्वतंत्र शाळा न मागता शासनाच्या शाळेपर्यंत मूल पोहोचविण्याचे काम मागतो.

चौथा आक्षेप नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाही. ख्रिस्ती लोक परक्यांच्या मुलांत गेले की धर्मांतराची शंका घेतली जाते. यास उत्तर एकच: आपण उघडपणे जावे, गावच्या सरपंचास आणि मुख्याध्यापकांस सांगून जावे, आणि तेथे पाठ्यपुस्तकावाचून दुसरे पुस्तक नेऊ नये. कोणाच्या भुकेचा किंवा अज्ञानाचा फायदा घेऊन प्रभूचे नाव सांगणे हा प्रभूचाच अपमान होय. प्रभूने मुलांस जवळ घेतले तेव्हा त्यांस काही मागितले नव्हते. त्या मुलीच्या भावास कोणी सांभाळले एवढे तिच्या स्मरणात राहिले तर पुरे आहे.

आणि आता आपल्यांतील ऊस लावणाऱ्या बंधूंस, आणि साखर खाणाऱ्या आम्हां सर्वांस, एक विनंती. आपल्या रानात टोळी येते तेव्हा मोळी उचलणारा हात किती वर्षांचा आहे हे पाहावे. बालकामगारविषयक कायद्यात 2016 साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास मनाई झाली आहे; शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामात हातभार लावण्याची मुभा आहे, आणि त्या मुभेच्या आडोशास फडातील पुष्कळ मुले दिसेनाशी होतात. आपण मुकादमास बोलताना दराबरोबर एवढेही बोलावे की, सकाळी मुले शाळेत जातील. शेतमालकाचा शब्द मुकादम ऐकतो. पाण्याचा एक नळ, कोप्यांजवळ एक दिवा, यांस फार खर्च येत नाही.

शेवटी निधीची गोष्ट. महोत्सवाच्या स्मरणार्थ मंदिराच्या प्रवेशद्वारी दगडी कमान उभारावी असे समितीच्या मनात आहे. कमान शोभिवंत होईल यात शंका नाही, आणि ती सुचविणाऱ्यांची भक्तीही आम्ही जाणतो. तथापि आमची नम्र सूचना अशी की, ती कमान तीन वर्षे थांबावी. तेवढ्या निधीतून तीन हंगाम दोन शिक्षिकांचे मानधन, पाळण्याचा खर्च आणि मुलांच्या वाहनाचे भाडे भागविण्याचा यत्न व्हावा. तीन वर्षांनंतर या कार्यातून काही निष्पन्न झाले नाही असे ठरले, तर कमान बांधावी. दगड वाट पाहू शकतात. आठ वर्षांची मुलगी तीन वर्षांत अकराची होते.

आपल्याच तालुक्यातील डोंगरी वाड्यांतून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेले. परक्या गावी कोणी “तुमचे गाव कोणते, मुलेबाळे कोठे आहेत” असे विचारले की जिवास केवढा आधार वाटतो, हे त्यांच्या घरांतून अद्याप सांगतात. आपला प्रभूही तान्हा असताना आईच्या कडेवर परदेशी गेला होता. मिसर देशात त्या कुटुंबास कोणी ओसरी दिली, कोणी पाणी दिले, योसेफास कोणी काम दिले, हे शुभवर्तमान सांगत नाही. ज्यांनी दिले त्यांची नावे देवापाशी आहेत.

येत्या दिवाळीनंतर पहिली टोळी आपल्या शिवारात उतरेल. त्या आठवड्यात ज्यांस वही आणि पेन्सिल घेऊन कोप्यांवर जाणे शक्य आहे, त्यांनी आज सभा संपल्यावर धर्मग्रामाच्या कचेरीत आपले नाव द्यावे. पहिले नाव आम्ही आमचे लिहून आलो आहोत.

पन्नास वर्षे ज्याने या धर्मग्रामास सांभाळले, तो दयाळू परमेश्वर आपल्या ज्युबिलीचे शिंग त्या कोप्यांपर्यंत ऐकू जाईल असे करो. आमेन.